दम्याच्या लेकराला आधी पंप द्या

मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, अमरावती यांस



मी रिद्धपूरला शाळेत शिकवते. आमच्या मुलांच्या दम्याबद्दल आणि त्या दम्यावर उपाय म्हणून त्यांच्या गळी उतरवल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वांबद्दल हे पत्र आहे. टपालानं न पाठवता सगळ्यांदेखत लिहिते आहे, कारण दुखणं एका शाळेचं नाही. मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर, वरूड या साऱ्या पट्ट्यात ते आहे, आणि मी जे मागणार आहे ते आईबापांनीही वाचलेलं बरं.

मागच्या हिवाळ्यात तिसरीतल्या एका मुलाची आई दुपारच्या सुट्टीत वर्गात आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली फाइल होती. वरच्या कागदावर ‘ड’ जीवनसत्त्वाचा आकडा १६, त्याभोवती पेनानं केलेला गोल. मागे साठ हजार युनिटच्या पुड्यांची चिठ्ठी, एका टॉनिकचं बिल, खोकल्याच्या दोन बाटल्यांची नावं. मुलगा रात्री आडवा झाला की त्याला धाप लागते, मग तो उशीला टेकून बसूनच राहतो, पहाटे छाती घरघरते, असं ती सांगत होती. दम्याचं याहून सरळ वर्णन पुस्तकातही सापडणार नाही. पण त्या अख्ख्या फाइलमध्ये श्वासावाटे औषध घ्यायच्या पंपाचं नाव कुठं नव्हतं. उठताना ती म्हणाली, “बाई, याचं दही बंद केलं, केळं बंद केलं, संत्रं बंद केलं. उन्हात खेळू देत नाही. आता अजून काय बंद करू?”

साहेब, आमच्या मुलांच्या दम्याचं जे होतं आहे ते या एका फाइलमध्ये सगळं आहे. ताटातली आणि अंगणातली जीवनसत्त्वं पथ्य म्हणून काढून घ्यायची, तीच पुडीतून विकत द्यायची, आणि ज्या औषधानं दमा आटोक्यात येतो ते मात्र द्यायचंच नाही.

‘ड’ जीवनसत्त्वाचा आणि दम्याचा संबंध कुणी हवेतून काढलेला नाही, हे आधी मान्य करते. शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींना हे जीवनसत्त्व ओळखता येतं, श्वासनलिकेच्या सुजेशी त्याचा संबंध असावा असं मानायला जागा आहे. २००९ साली कोस्टारिका या देशातल्या सहाशेहून जास्त दमेकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात ‘ड’ कमी होतं, त्यांना दम्यासाठी दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचं प्रमाण जास्त दिसलं, ॲलर्जीच्या खुणाही जास्त दिसल्या. कोस्टारिकाही आपल्यासारखाच उन्हाचा देश, म्हणून त्या निष्कर्षाकडे जगाचं लक्ष गेलं. त्यानंतर असे निष्कर्ष ठिकठिकाणाहून आले. तेव्हापासून दमा दिसला की ‘ड’ तपासायचं, ही रीत पडली.

पण दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. हे ठरवायचं तर मुलांचे दोन गट करून एकाला जीवनसत्त्व आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी देऊन पाहावं लागतं. तेही झालं. २०२० साली अमेरिकेतल्या अशा चाचणीचा निकाल आला. ६ ते १६ वयाची, दमा असलेली आणि ‘ड’ कमी असलेली १९२ मुलं होती. अर्ध्यांना रोज ४००० युनिट ‘ड’ दिलं. रक्तातली पातळी चांगली वाढली. दम्याचा जोराचा झटका मात्र औषध घेणाऱ्या ९६ पैकी ३६ मुलांना आला आणि न घेणाऱ्या ९६ पैकी ३३ मुलांना. फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून चाचणी ठरल्या मुदतीआधीच थांबवली. पातळी फारच खाली गेलेली मुलं तिच्यात घेतली नव्हती, कारण त्यांना औषधाविना ठेवणं बरोबर नव्हतं, एवढी मर्यादा तिला आहे. २०१६ साली कॉक्रेन या नामांकित संस्थेनं साऱ्या चाचण्या एकत्र मांडल्या तेव्हा ‘ड’नं झटके कमी होतात असं वाटलं होतं, पण तो पुरावा मुख्यतः मोठ्या माणसांचा होता. २०२३ साली त्याच संस्थेनं २० चाचण्यांचा पुन्हा आढावा घेतला. त्यातल्या १५ मुलांवरच्या होत्या. या वेळी तो फायदा उरला नाही.

मग दमेकरी मुलांमध्ये ‘ड’ कमी का सापडतं? एक उत्तर त्या आईच्या वाक्यातच आहे. ज्याला धाप लागते त्याला आपण घरात बसवतो. मैदानावर नको, धुळीत नको, उन्हात नको. दूध कफ करतं म्हणून तेही बंद. अशा मुलाच्या रक्तात ‘ड’ कमी निघालं तर आपण ज्याला कारण म्हणतो आहोत तो पुष्कळदा आजाराचाच परिणाम असतो. आकड्याभोवती गोल काढताना हा विचार कुणीच करत नाही, याचं मला वाईट वाटतं. ती तपासणी खाजगीत हजाराच्या घरात जाते, आणि तेवढ्या पैशात पंपाचे दोन-तीन डबे सहज येतात.

वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, इथल्या मुलांना ‘ड’ कमी पडेलच कसं, असं कुणी विचारेल. पडतं. २०१६ ते २०१८ या काळात देशभर झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वयाच्या १४ टक्के, ५ ते ९ वयाच्या १८ टक्के आणि १० ते १९ वयाच्या २४ टक्के मुलांमध्ये ‘ड’ची कमतरता आढळली. मूल जसजसं मोठं होतं, शाळा-शिकवणीत अडकतं, मुलगी वयात येऊन अंगभर झाकून हिंडू लागते, तसतसा आकडा वाढतो. सावळ्या कातडीला तेवढंच ‘ड’ तयार करायला ऊन जास्त वेळ लागतं. पावसाळ्याचे महिने ढगात जातात. आणि आपला एक समज तर पक्का रुजलेला आहे, की सकाळचं कोवळं ऊन जीवनसत्त्वाचं. कोवळ्या उन्हात ज्या किरणांनी कातडीत ‘ड’ तयार होतं ते फार थोडे असतात. मुलाची सावली त्याच्या उंचीहून आखूड झाली की ते किरण पुरेसे मिळतात. हिवाळ्यात म्हणजे ऐन दुपारी, आणि उन्हाळ्यात साडेनऊ-दहालाच, म्हणजे ऊन जीवघेणं व्हायच्या आत. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही. हात-पाय उघडे ठेवून आठवड्यातले बहुतेक दिवस अर्धा तास अंगणात खेळलेलं मूल आपलं ‘ड’ बरंचसं आपणच करतं.

ज्या मुलाची हाडं वाकली आहेत, मनगटं रुंद झाली आहेत, जे चालायला उशीर करतं, त्याला ‘ड’ द्यायलाच हवं आणि तातडीनं द्यायला हवं. त्याला दमा असो वा नसो. माझा आक्षेप दम्याचं औषध म्हणून ते देण्याला आहे. आणि साठ हजारांची पुडी लहान मुलाला कुणाच्या देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने चालू राहिली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, हे त्या चिठ्ठ्या देणाऱ्यांना ठाऊक असतं. आईला ते कुणी सांगत नाही.

आता संत्र्याकडे येते, कारण आमच्या भागात याहून दुखणारी गोष्ट नाही. देशभर मोर्शी-वरूडचं संत्रं जातं. दिवाळीच्या पुढेमागे आंबिया बहराची तोडणी सुरू होते, मृग बहराची फळं फेब्रुवारी-मार्चला निघतात. रस्त्याच्या कडेला ढीग लागलेले असतात आणि त्याच रस्त्यानं घरी जाणाऱ्या दमेकरी मुलाला एक फोड मिळत नाही. “संत्र्यानं कफ होते मने.” आजी म्हणते, शेजारीण म्हणते, आणि मला खेद आहे की कधी कधी डॉक्टरही म्हणतात. फार थंड फळ खाल्ल्यावर एखाद्या मुलाला खोकल्याची उबळ येते, एखाद्याला एखाद्या पदार्थाची खरी ॲलर्जी असते. ज्याला ती आहे त्याच्यापुरता तो पदार्थ वर्ज्य करावा. सगळ्या दमेकरी मुलांचं संत्रं, केळं, दही सरसकट बंद करायला कसलाच आधार नाही.

उलट, २००० साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका मोठ्या अभ्यासात ६-७ वर्षांच्या अठरा हजारांवर मुलांच्या घरी विचारपूस केली होती. हिवाळ्यात जी मुलं संत्र्यासारखी आंबट-गोड फळं आठवड्यातून अनेकदा खात, त्यांच्यात छाती घरघरण्याचं प्रमाण कमी आढळलं. ज्यांना आधीच दम्याचा त्रास होता त्यांच्यातही हेच दिसलं. संत्र्यानं दमा बरा होतो असा याचा अर्थ मी काढणार नाही. ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन दमा सुधारतो असंही चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही, आणि वर ‘ड’ला जी कसोटी लावली ती इथंही लावली पाहिजे. पण संत्र्यानं घरघर वाढते हे म्हणणं तरी त्या अभ्यासापुढे टिकत नाही. एका संत्र्यात लहान मुलाच्या दिवसभराच्या ‘क’चा मोठा वाटा असतो. ते त्याच्या तोंडून काढून घेऊन बाटलीतलं टॉनिक देणं हा त्या मुलावर आणि त्याच्या बापाच्या खिशावर अन्याय आहे.

दमा आटोक्यात येतो तो श्वासावाटे घ्यायच्या स्टिरॉइडनं. बुडेसोनाइडचा पंप त्यातला सगळ्यांत परिचित. श्वासनलिकेच्या आतली सूज तो हळूहळू उतरवतो. सालब्युटामॉलचा पंप नळी तेवढ्यापुरती मोकळी करतो, सूज तशीच राहते. ही दोन्ही औषधं देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या २०२२च्या यादीत आहेत. तरीही पुण्यासह नऊ शहरांत सव्वा लाखाहून जास्त लोकांची जी पाहणी झाली, तिच्यात ६-७ वर्षांच्या मुलांत सुमारे ३ टक्के आणि १३-१४ वर्षांच्या मुलांत साडेतीन टक्क्यांहून थोडी जास्त मुलं दमेकरी आढळली. ज्यांची छाती घरघरत होती अशांपैकी ८२ टक्के लोकांना हा दमा आहे असं कुणी सांगितलंच नव्हतं. रोज स्टिरॉइडचा पंप घेणारे त्यांच्यात शंभरात तीनही नव्हते. ही शहरांतली गत. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी ४२ टक्के आपल्याकडे होतात, असा २०१९च्या जागतिक आजारभाराचा अंदाज आहे.

गावात पंपाची भीती आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सवय लागते, हृदय कमजोर होतं, पोर वाढत नाही, असं बोललं जातं. हिशेब मांडून दाखवला की माणसं ऐकतात, हा माझा अनुभव आहे. वीस किलो वजनाच्या मुलाला झटका आला की तोंडानं स्टिरॉइडची गोळी किंवा औषध दिलं जातं, दिवसाला साधारण २० मिलिग्रॅम, म्हणजे २०,००० मायक्रोग्रॅम. पंपातून रोज घ्यायची मात्रा पुष्कळ मुलांना २०० मायक्रोग्रॅम पुरते. दोन्ही औषधं वेगळी, जोरही वेगळा, तरी झटक्याच्या एका दिवशी पोटात जे जातं तेवढं पंपातून जायला शंभर दिवस लागतात, आणि ते थेट छातीत जातं. रोज पंप घेणाऱ्या मुलांच्या अंतिम उंचीत सरासरी एका सेंटिमीटरच्या आसपास फरक पडल्याचं दीर्घ अभ्यासात दिसलं आहे. ही गोष्टही आईबापांना सांगावी. लपवली की बाहेरून कळते आणि मग पंप कोनाड्यात पडून राहतो.

लहान मुलाला पंप तोंडात दाबून नीट घेता येत नाही, औषध जिभेवरच बसतं. त्यासाठी पंप आणि तोंड यांच्यामध्ये स्पेसर, म्हणजे औषध धरून ठेवणारा पोकळ डबा, लावावा लागतो, आणि तो महाग म्हणून घेतला जात नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनच्या डॉक्टरांनी यावर जो मार्ग काढला तो आपल्या प्रत्येक आशाताईला यायला हवा. अर्ध्या लिटरची थंड पेयाची रिकामी प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडायचं, पंप त्यात घट्ट बसवून सांध्याला गोंद लावायचा. बाटलीचं तोंड मुलाच्या ओठांत. एकदा पंप दाबायचा आणि मुलानं संथपणे श्वास आत-बाहेर करायचा. १९९९ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ५ ते १३ वर्षांच्या मुलांना गोंद लावलेल्या बाटलीतून विकतच्या स्पेसरइतकाच आराम पडला. सांधा न लावलेली बाटली थोडी कमी पडली, थर्माकोलचा पेला सगळ्यांत कमी. आपल्या गावात अशा बाटल्या कमी पडायच्या नाहीत.

धूर-धुळीचं थोडक्यात लिहिते, कारण ते आपल्या एकट्याच्या हातात नाही. सोयाबीनचं मळणीयंत्र चालू असताना कुटाराचा लोट गावावरून जातो, त्या आठवड्यात माझ्या वर्गात खोकल्याचा आवाज वाढतो. गॅस असलेल्या घरीही सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून पाणी तापवायला पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या जळतात. रात्री बंद खोलीत डासांची उदबत्ती लावतात. एका अख्ख्या उदबत्तीतून निघणारे बारीक कण साधारण शंभर सिगारेटींइतके भरतात. दमेकरी मूल ज्या खोलीत झोपतं तिथं मच्छरदाणी हवी, एवढं तरी घरोघर सांगता येईल.

साहेब, यासाठी नवी योजना मागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत सुरू झाला तो आपल्याच राज्यात, पालघरला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. पथकानं तपासायच्या आजारांच्या यादीत ‘ड’च्या कमतरतेनं होणारा मुडदूस आहे, ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता आहे, आणि श्वासनलिकेचा दम्यासारखा आजारही आहे. एकाच तक्त्यात जीवनसत्त्वांची कमतरता आणि दमा दोन्ही असताना दम्याच्या रकान्यापुढे खूण क्वचितच होते, कारण पथक दिवसा येतं आणि दमा रात्री उठतो. तपासणीच्या वेळी छाती स्वच्छ असते. म्हणून माझी पहिली मागणी ही की पथकानं स्टेथोस्कोप लावण्याआधी आईला विचारावं : वर्षभरात छाती घरघरली का, रात्री खोकल्यानं झोपमोड होते का, धावल्यावर धाप लागते का, घरात कुणाला दमा आहे का. आई त्या दिवशी शेतात असेल तर प्रश्नांचा कागद आदल्या दिवशी आमच्याकडे द्या, आम्ही शिक्षक तो भरून घेऊ.

दुसरं, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बुडेसोनाइडचा पंप बारमाही असावा. दोन महिने आहे आणि तिसऱ्या महिन्यात नाही, असं झालं की आई पुन्हा खोकल्याच्या बाटलीकडे वळते. आशाताईंना आणि आम्हाला बाटलीचा स्पेसर करायला एका दुपारी शिकवा. आणि शाळेत सालब्युटामॉलचा एक पंप ठेवायची, गरज पडली तर तो द्यायची लेखी परवानगी द्या. आज वर्गात मुलाचे ओठ निळसर दिसू लागले तर गाडी शोधण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.

तिसरं, ‘ड’बद्दल आपल्या सहीनं एक साधं पत्रक निघावं : केवळ दमा आहे म्हणून ही तपासणी करू नये, मुडदूस किंवा कमतरतेची लक्षणं असतील तर करावी आणि उपचार पूर्ण करावेत. त्याच पत्रकात पथ्याचंही लिहावं. आमचं सांगणं घरी जुमानत नाहीत, आपल्या सहीचा कागद जुमानतील. गरोदर बायांना चौदाव्या आठवड्यापासून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळीत ‘ड’ असतं, ती त्या नेमानं घेतात का याकडे पाहावं. बाळाची फुप्फुसं पोटात घडत असताना आईचं पोषण महत्त्वाचं असतं, असं मानायला पुरावा आहे. नेपाळमध्ये ज्या आयांना गरोदरपणाच्या आधीपासून ‘अ’ जीवनसत्त्व मिळालं त्यांच्या मुलांची फुप्फुसं ९ ते १३ व्या वर्षी थोडी सरस भरली, हे २०१० साली दिसून आलं. अमेरिकेत गरोदर बायांना ‘ड’ जास्त मात्रेत देऊन पाहिलं, तेव्हा तिसऱ्या वर्षापर्यंत २४ टक्के मुलांना दमा किंवा वरचेवर घरघर झाली, कमी मात्रेच्या गटात ३० टक्के. फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता, आणि सहाव्या वर्षी तोही राहिला नाही. तेव्हा इथंही मोठ्या मात्रेच्या मागे लागू नये. सरकार देतं ती साधी गोळी पोटात गेली तरी पुष्कळ.

आणि चौथं, शाळेच्या पोषण आहारात हंगामात आठवड्यातून दोनदा संत्रं द्या. आमच्या गावात महानुभावांची आणि इतरही शाकाहारी घरं खूप आहेत, अंड्यावरून वाद होतात. संत्र्यावरून होणार नाहीत. आकारानं बारीक म्हणून व्यापारी जी फळं बाजूला काढतो ती चवीला आणि गुणाला तशीच असतात. जिल्हा परिषदेनं ती बागायतदाराकडून थेट घेतली तर दोघांचंही भलं होईल. दमेकरी मूल वर्गात सगळ्यांसोबत संत्रं खाईल आणि त्या रात्री त्याला काही होणार नाही, तेव्हा आजीची समजूत आपोआप बदलेल.

म्हाइंभटांनी लीळाचरित्र जिथं लिहिलं ते हे गाव. मराठी भाषा विद्यापीठ झाल्यापासून मोठमोठ्या गाड्या इथं वरचेवर येतात. आपली आली तर शाळेकडे वळवावी. सोयाबीनची मळणी दसऱ्याच्या सुमारास सुरू होते, त्याआधी पथक आणि पंप पोचायला हवेत. घरघर लागणाऱ्या मुलांची यादी, आयांनी दिलेल्या उत्तरांसह, मी जुलैअखेर आपल्या कार्यालयात स्वतः आणून देईन.

आपली नम्र,
रिद्धपूर येथील एक शिक्षिका